सुशीवाल्याचे उघडे हात

एके काळी, फार फार जुन्या काळी, रोजचा सूर्य जिथे सगळ्यांत आधी उगवतो त्या पूर्वेच्या समुद्रात बेटांचं एक राज्य होतं. त्या राज्यातल्या एका बंदरावर एक म्हातारा सुशीवाला राहत असे.

सुशी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. भात शिजवायचा, त्यात थोडा सिरका आणि चिमूटभर मीठसाखर घालायची. भात कोमट झाला की हातात घेऊन बोटाएवढा लांबट घास वळायचा आणि त्यावर ताज्या माशाचा पातळ काप बसवायचा. मासा कच्चाच. कच्चा म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. आपण सुकट भाजतो तेव्हा शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याचा कधी विचार केलाय? ज्याच्या त्याच्या समुद्राची ज्याची त्याची चव.

म्हाताऱ्याचं दुकान धक्क्याला लागूनच होतं. एक लांब लाकडी फळी, फळीच्या आत म्हातारा आणि बाहेर सहा माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा. सातवा माणूस आला की पहिल्याला उठावं लागे. तरी लोक उन्हात उभे राहून वाट पाहत आणि म्हणत, "म्हाताऱ्याच्या हाताला चव आहे."

त्या राज्यात सुशी खायची एक रीत होती. पहिला घास वळण्याआधी सुशीवाल्याने आपले दोन्ही तळवे पाहुण्यापुढे धरायचे. पाहुण्याने बोटं, नखं, मनगटं नीट न्याहाळायची आणि म्हणायचं, "पाहिले." मगच काम सुरू. पाहुणा कोळी असो की सरदार, हात पाहिल्याशिवाय कुणी घास खात नसे आणि हात दाखवल्याशिवाय कुणी घास देत नसे.

तळवे दाखवून झाले की म्हातारा झऱ्याच्या गार पाण्यात हात बुडवी, त्यावर सिरक्याचे चार थेंब घेई आणि एक टाळी वाजवून जास्तीचं पाणी झटकून टाकी. ती टाळी ऐकली की धक्क्यावरची मांजरं दुकानाकडे निघत. मग तो भाताचा घास मुठीत घेई आणि तीनदा दाबी. चौथ्यांदा दाबला तर घासाची वीट होते आणि दोनदाच दाबला तर तोंडापर्यंत जाता जाता तो मांडीवर सांडतो. पण तीनदा म्हणजे किती जोराने, ते काही सांगता येत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, पीठ किती मळलं म्हणजे पुरे? ती म्हणेल, हाताला कळतं. तसंच हे होतं.

माशाचंही तसंच. ताजा मासा बोटांना गार आणि घट्ट लागतो. तो बिघडायला लागला की आधी डोळ्यांना कळत नाही, नाकालाही कळत नाही, कारण सिरक्याचा वास सगळ्यांवर मात करतो. बोटांना मात कळतं. मासा किंचित कोमट लागतो आणि बोट उचललं की त्याला कोळिष्टकासारखी बारीक तार येते. अशी तार आली की म्हातारा तो मासा बाजूला सारी आणि कुणी कितीही घाई केली तरी दुसरा मासा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसून राही.

आणि एक घास झाला की पुन्हा हात धुवायचे. एक घास, एक धुणं. उभ्या आयुष्यात त्याने हा नेम मोडला नव्हता.

त्या वर्षी थंडी सरता सरता म्हाताऱ्याच्या लेकीला मुलगी झाली. लेक त्याच्याजवळच राहत असे, जावई दूरच्या समुद्रात जहाजावर होता. म्हाताऱ्याला नातीचं इतकं वेड लागलं की विचारू नका. दुकान बंद करून घरी आला की हात धुवून तो तिला उचली आणि ती झोपेपर्यंत खाली ठेवत नसे. त्याची डावी करंगळी जुन्या जखमेने वाकडी झालेली होती. पोर नेमकी तीच पकडून ठेवी.

आपल्याकडे बाळाचं उष्टावण करतात ना, तसं तिकडेही करतात, शंभराव्या दिवशी. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने आपल्या हाताने भाताचं एक शीत बाळाच्या जिभेवर ठेवायचं. म्हाताऱ्याने जन्मभर हजारो लोकांना घास दिले होते, पण हा घास त्याला सगळ्यांत मोठा वाटत होता. बारसं व्हायच्या आधीच तो दिवस मोजायला लागला होता.

अशात वसंताचा उत्सव आला, आणि उत्सवात राणीसाहेबांना लहर आली की बंदरावरच्या म्हाताऱ्याची सुशी खायची.

आता राणी म्हटल्यावर कारभारी आलेच. हे कारभारी माणूस सज्जन होते, हुशार होते, राणीवर त्यांची निष्ठाही होती. फक्त एक खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्याला कुणाचा हात लागला नाही ते स्वच्छ, असं त्यांचं म्हणणं. राणीला बाजारातला मासा कसा द्यायचा? म्हणून त्यांनी राजवाड्यातून मासा पाठवला. सुगंधी लाकडाची पेटी, आत लाल मखमल, वर लाखेची मोहोर. मोहोरेवर लिहिलेलं होतं, "समुद्रातून निघाल्यापासून मनुष्याचा हात लागलेला नाही." मासा पेटीत स्वतः उडी मारून बसला होता की काय, हे कुणी विचारलं नाही.

राजवाडा टेकडीवर होता आणि बंदर खाली. पेटी पालखीत ठेवून ढोलताशांसह मिरवत आणली. सकाळी निघालेली पेटी दुकानात पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

म्हाताऱ्याने तळवे दाखवले. राणी हसून म्हणाली, "पाहिले." त्याने हात बुडवले, टाळी वाजवली, मोहोर फोडली आणि दोन बोटांनी मासा उचलला.

बोटांना मासा किंचित कोमट लागला. आणि बोट उचललं तशी एक बारीकशी तार आली.

म्हातारा थबकला. त्याने मोहोरेकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं, दाराबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मासा राजवाड्याचा, मोहोर कारभाऱ्यांची. तिथे चूक कशी होईल? चुकत असतील तर ही बोटंच. सत्तरी ओलांडली, आता यांचा काय भरवसा! असं मनाशीच म्हणून त्याने सुरी उचलली आणि काप करायला सुरुवात केली.

ही गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण म्हातारा ती विसरणार आहे.

राणीने सहा घास खाल्ले आणि पोटभर कौतुक केलं. दिवेलागणीला तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. ताप चढला. तीन दिवस ती शुद्धीबेशुद्धीत होती. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पेज मागितली, तेव्हा सगळ्या राज्याचा जीव भांड्यात पडला.

मग चौकशी झाली. कारभारी म्हणाले, "भात उकळलेला होता. मासा मोहोरबंद होता. या दोहोंच्या मधे काय आलं? हात! उघडा, म्हातारा, नागडा हात!"

राणी अंथरुणातूनच म्हणाली, "त्यांना शिक्षा करायची नाही. त्यांनी काही मुद्दाम केलेलं नाही."

कारभाऱ्यांनी शिक्षा केली नाही, फर्मान काढलं. आजपासून राज्यातल्या प्रत्येक सुशीवाल्याने तेलाचा हात दिलेल्या रेशमाचे पांढरे मोजे हातात घालावेत. उघड्या हाताने घास वळेल त्याचं दुकान बंद. यालाच चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण त्या वेळी तसं कुणालाच वाटलं नाही.

म्हाताऱ्याला तर नाहीच वाटलं. त्याला कुणी एक शब्दही बोललं नव्हतं आणि तेच त्याला जास्त लागलं. कुणी मारलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, तर रडून मोकळा झाला असता. तो नुसता आपल्या हातांकडे बघत बसे. या हातांनी माणूस मरायला टेकलं होतं. यांच्यात विष आहे. म्हातारपणाबरोबर काहीतरी वाईट यांच्यात शिरलंय आणि ते धुतल्याने जात नाही. फर्मान निघालं त्याच दिवशी जाऊन त्याने पहिला जोड विकत आणला. दुकानात तो मोजे घाली आणि घरी आल्यावरही काढत नसे.

आणि नातीला त्याने हात लावणं सोडलं.

पहिल्या दिवशी लेकीला वाटलं, थकले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, सर्दी झाली असेल. तिसऱ्या दिवशी पोर पाळण्यात रडून लाल झाली, म्हातारा दोन हात अंतरावर उभा राहून नुसता "अगं, अगं" करत राहिला, तेव्हा लेकीने हातातला तांब्या खाली आपटला.

"बाबा, घ्या ना तिला! भिंतीसारखे उभे काय राहिलात?"

"तू घे पोरी. माझे हात चांगले नाहीत."

"काय झालंय हातांना?"

"राणीसाहेब या हातांनीच आजारी पडल्या. त्या तरी मोठ्या, राजवैद्य होते म्हणून वाचल्या. हे इवलंसं पोर."

"याच हातांनी मला वाढवलंत. मेले का मी?"

"तेव्हा हात चांगले होते."

लेकीला बापाचा राग येत होता आणि बापासाठी रडूही येत होतं, आणि तिचं तिलाच कळेना की आधी काय करावं. शेवटी ती पोरीला उचलून अंगणात गेली.

दिवस जात राहिले. उष्टावण जवळ येऊ लागलं तसा म्हातारा गप्प गप्प झाला. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "शेजारच्या आजोबांना सांगू या. तेही वडीलधारेच आहेत. त्यांच्या हातून होऊ दे उष्टावण."

लेकीने ताटावरून मान वर केली नाही. "माझ्या मुलीचं उष्टावण तिच्या आजोबांच्या हातून होईल. नाहीतर होणार नाही. मोठी होईल, शाळेत जाईल, लग्न करेल आणि सगळ्यांना सांगेल की माझं अजून उष्टावण व्हायचंय."

म्हाताऱ्याला हसू आलं नाही.

इकडे राज्यात मोज्यांचं राज्य सुरू झालं होतं. दिसायला फार छान दिसत हो ते. पांढरेशुभ्र, मनगटाशी निळी फीत. लोक म्हणत, वा, काय स्वच्छता! पण झालं असं की मोजे घातल्यावर सुशीवाल्यांनी हात धुणं सोडून दिलं. कशाला धुवायचे? हात तर आत झाकलेले! त्याच मोज्याने ते कान खाजवत, त्याच मोज्याने दाराची कडी लावत, त्याच मोज्याने फडकं पिळत आणि त्याच मोज्याने भात घेत. पाहुण्यापुढे तळवे धरण्याची रीतही बंद पडली. पाहायचं काय, रेशीम?

भात मोज्याला चिकटे. चिकटू नये म्हणून जोरात दाबावा लागे. घास विटांसारखे होऊ लागले. मासा गार की कोमट, घट्ट की तार सुटलेला, मोज्याच्या आत काही म्हणजे काही कळत नसे. आणि गंमत बघा, लोक आधी कधी पडले नव्हते इतके आजारी पडायला लागले.

कारभाऱ्यांनी विचार केला आणि दुसरं फर्मान काढलं. मोज्यावर मोजा घालावा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

म्हातारा मात्र दोन मोज्यांच्या आतूनही आपला नेम पाळत होता. एक घास, एक धुणं. ओले मोजे सुकायला वेळ लागे म्हणून त्याने सहा जोड विकत घेतले होते आणि दुकानाच्या दोरीवर ते बगळ्यांसारखे ओळीने लटकत. त्याच्या दुकानात कुणी आजारी पडलं नाही, पण गिऱ्हाईकंही फारशी येईनात. घासात ती चव नव्हती. मांजरंही येईनात, कारण मोज्यांची टाळी वाजत नाही.

उष्टावणाला चार दिवस उरले होते. ऊन मी म्हणत होतं. आणि राजवाड्यातून निरोप आला, राणीसाहेब पुन्हा सुशी खायला येत आहेत. त्याच दुकानात.

म्हाताऱ्याने लेकीला हाक मारली. "पोरी, मी आजारी आहे असं कळव."

"काय होतंय?"

"भीती वाटतेय."

"मग तसंच कळवू का? की बाबांना राणीसाहेबांची भीती वाटते?"

"राणीसाहेबांची नाही गं," म्हातारा म्हणाला आणि मोज्यांत झाकलेल्या आपल्या हातांकडे त्याने पाहिलं. लेकीने पुढे थट्टा केली नाही. तिने मुकाट्याने एक धुतलेला जोड आणून त्याच्यापुढे ठेवला.

ठरल्या दिवशी ढोलताशे वाजत आले. पालखीत तीच पेटी, तीच लाखेची मोहोर. पुढे घामाने निथळणारे कारभारी, त्यांच्याही हातांत पांढरे मोजे. मागे राणी. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली होती, पण चेहरा टवटवीत होता. ती फळीसमोर मांडी घालून बसली. लेक पोरीला घेऊन कोपऱ्यात उभी राहिली.

म्हाताऱ्याने पेटीकडे हात नेला, तशी राणी म्हणाली, "आजोबा, आधी हात दाखवा."

म्हाताऱ्याने दुहेरी मोज्यांतले हात पुढे धरले.

राणीने ते निरखून पाहिले. तिच्या तोंडून "पाहिले" हा शब्द काही येईना.

"राणीसाहेब?" कारभारी खाकरले.

"मी काय पाहिलं म्हणू, कारभारी? हे कापड आहे. रीत हात पाहायची आहे."

"पण फर्मान—"

"फर्मान माझ्या नावाने निघतं ना? मग आजच्या पुरतं मीच ते बाजूला ठेवते. आजोबा, मोजे काढा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "राणीसाहेब, या हातांनीच आपल्याला... नका पाहू. वाईट हात आहेत."

"मी मरता मरता वाचले आहे, आजोबा," राणी हळूच म्हणाली. "मला आता झाकलेल्या गोष्टींची जास्त भीती वाटते. काढा."

म्हाताऱ्याने एकेक करून चारही मोजे काढले. आत हात पांढरेफटक पडले होते, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे सुरकुतले होते. त्याने तळवे राणीपुढे धरले. तिने बोटं पाहिली, नखं पाहिली, मनगटं पाहिली.

"पाहिले," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने हात झऱ्याच्या पाण्यात बुडवले. किती दिवसांनी पाणी हाताला लागलं! त्याला ते इतकं गार लागलं की अंगावर शहारा आला. त्याने सिरका घेतला आणि टाळी वाजवली. दाराबाहेर कुठेतरी एक मांजर ओरडलं. त्याने मोहोर फोडली, मखमल बाजूला केली आणि दोन बोटांनी मासा उचलला.

बोटं थांबली.

मासा कोमट होता. बोट उचललं तशी बारीक तार आली.

आणि मग एकदम, बंद खोलीची खिडकी उघडावी तसं म्हाताऱ्याला सगळं आठवलं. हेच! त्या दिवशीही हेच लागलं होतं! बोटांनी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. आपणच त्यांना म्हातारी म्हणून गप्प केलं आणि लाखेच्या मोहोरेवर विश्वास ठेवला. हातांत विष नव्हतं. हात खरं बोलले होते.

त्याला वाटलं, ओरडून लेकीला सांगावं. पण समोर राणी होती, कारभारी होते, दाराबाहेर अर्धं गाव होतं. मोहोर कारभाऱ्यांची होती. ती खोटी ठरवायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मागच्या खेपेला नेमकं इथेच त्याचं धैर्य संपलं होतं. त्याने कोपऱ्यात पाहिलं. पोर आईच्या खांद्यावरून डोळे मोठे करून त्याच्याकडेच बघत होती.

म्हाताऱ्याने मासा परत पेटीत ठेवला.

"राणीसाहेब, हा मासा मी वाढणार नाही. हा बिघडलाय."

कारभाऱ्यांचा चेहरा लाल झाला. "बिघडलाय? मोहोर माझी आहे! समुद्रातून निघाल्यापासून याला कुणाचा हातही लागलेला नाही!"

"म्हणूनच कुणाला कळलं नाही, सरकार," म्हातारा म्हणाला. "बंद पेटी, वर मखमल, त्यावर हे ऊन. टेकडीवरून इथे यायला दोन प्रहर लागतात. मोहोर वर आहे, मासा आत आहे. आणि राणीसाहेब, अपराध माझाही आहे. त्या दिवशीही मासा असाच लागला होता. बोटांना कळलं होतं. मी बोललो नाही. शिक्षा द्यायची तर त्याची द्या."

राणीने त्याच्याकडे पाहिलं, मग कारभाऱ्यांकडे. "कारभारी, तुम्ही बघा."

कारभाऱ्यांनी मोजा घातलेला हात पुढे केला, मासा दाबून पाहिला. "मला तर काही वाटत नाही."

"मोजा काढून बघा."

कारभारी घुटमळले. फर्मान निघाल्यापासून त्यांनी उघड्या हाताने कशालाच हात लावला नव्हता. शेवटी त्यांनी मोजा काढला, दोन बोटं माशावर टेकवली आणि उचलली. बोटांमागोमाग तार आली. कारभाऱ्यांनी ती तार पाहिली. हाताच्या कंकणाला आरसा कशाला? त्यांचा लाल चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यांनी मान खाली घातली.

"राणीसाहेब," ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी आपल्याला विष मी पाठवलं. मोहोर लावून."

आणि ते सज्जन माणूस तिथेच, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे रडू लागले. रडता रडता त्यांनी म्हाताऱ्याचे हात धरले. उघड्या हातांनी उघडे हात. "असू द्या, सरकार, असू द्या," एवढंच म्हातारा म्हणत राहिला.

राणी म्हणाली, "दोघांनाही शिक्षा एवढीच, मला भूक लागलीय, ती भागवा. ताजा मासा आणा कुणीतरी!"

धक्क्यावरून एक कोळी धावत आला, टोपलीत अजून शेपटी आपटणारा मासा घेऊन. म्हाताऱ्याने पुन्हा हात धुतले आणि त्याला हात लावला. गार, घट्ट. त्याने काप केले, भात घेतला, तीनदा दाबला. राणीने घास हातानेच उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. कारभाऱ्यांनीही हात धुवून खाल्ला. त्यांना पहिल्यांदाच कळलं की लोक या दुकानाबाहेर उन्हात का उभे राहत होते. दारात मांजरांची रांग लागली होती.

पण म्हाताऱ्याच्या मनातली भीती तेवढ्यानेही गेली नाही. मागच्या खेपेलाही राणी हसतच गेली होती ना! दुकान आवरून तो उंबऱ्यात बसला, टेकडीकडे डोळे लावून. राणी बरी असली की दिवेलागणीला राजवाड्याच्या बुरुजावर येऊन समुद्र बघे आणि ती आली की बुरुजावरचा नगारा वाजे. आजारपणात तो वाजला नव्हता.

लेक शेजारी येऊन बसली. सूर्य टेकडीमागे गेला. घराघरांत दिवे लागले. म्हातारा हात घट्ट मिटून बसला होता.

आणि नगारा वाजला. धडाम, धडाम, धडाम. सगळ्या बंदरावर त्याचा आवाज घुमला.

म्हाताऱ्याने एवढा मोठा श्वास सोडला की लेकीला हसू फुटलं. मग तोही हसायला लागला. हसता हसता दोघं रडले आणि रडता रडता पुन्हा हसले. कित्येक दिवसांनी त्या उंबऱ्यात मोकळा वारा आल्यासारखं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवं फर्मान निघालं. मोजे बंद. प्रत्येक सुशीवाल्याने एक घास, एक धुणं हा नेम पाळावा, तळवे दाखवावेत, आणि मासा कुठूनही आलेला असो, अगदी राजवाड्यातून आलेला असला तरी, आधी हात लावून पाहावा. हात नको म्हणाला तर मोहोर कुणाची आहे हे विचारू नये. खाली कारभाऱ्यांचीच सही होती. म्हाताऱ्याच्या लेकीने ते सहा जोड मोजे दोरीवरून काढले, त्यांत घेवड्याचं बी भरलं आणि ते तोंडाशी शिवून ठेवले. म्हणाली, कशालातरी उपयोग झाला.

शंभरावा दिवस उजाडला. म्हाताऱ्याने भात शिजवला, वाटीत काढला, हात धुतले. मग पुन्हा धुतले. लेक म्हणाली, "बाबा, झिजतील!"

तो नातीसमोर बसला आणि रीतीप्रमाणे दोन्ही तळवे त्याने तिच्यापुढे धरले. जन्मभरात त्याने कितीतरी लोकांना ते दाखवले होते, पण आजच्यासारखी छाती कधी धडधडली नव्हती. पोरीने ते हात गंभीरपणे पाहिले. इकडून पाहिले, तिकडून पाहिले. मग तिने हात पुढे केला आणि ती वाकडी करंगळी गच्च पकडली.

"पाहिले," तिच्या वतीने तिची आई म्हणाली.

करंगळी काही सुटेना. तेव्हा म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने भाताचं एक शीत उचललं आणि हळूच नातीच्या जिभेवर ठेवलं.

बोध : खरं सांगणाऱ्याला झाकून ठेवू नये, धीर धरून त्याचं ऐकावं.